मॅमोग्रामवर संगणकाची नजर

स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत नेहमीच्या पद्धतीनुसार मॅमोग्राम दोन रेडिऑलॉजिस्ट स्वतंत्रपणे पाहतात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे, हा त्यामागचा हेतू. पण डॉक्टर अपुरे पडतात. मग यातला काही भार संगणकाला उचलता येईल का?

प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये अशा प्रणालीला मान्यता मिळाली. ती संशयास्पद जागांवर खुणा करी. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तिच्यामुळे बायोप्सी वाढल्याचे आणि अचूकता घटल्याचे दिसले.

आताची प्रणाली जुन्या मॅमोग्रामच्या मोठ्या साठ्यावरून शिकते. स्वीडनमध्ये ८० हजार महिलांवर झालेल्या चाचणीत तिने प्रत्येक मॅमोग्रामला जोखमीनुसार १ ते १० गुण दिले. १० गुण मिळाले तर दोन डॉक्टर, एरवी एकच. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत हजारात सुमारे ५ कर्करोग सापडले, नव्या पद्धतीत ६. डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले, तरी नाहक धास्तीचे प्रमाण दोन्हीकडे दीड टक्काच राहिले.

अर्थात जादा सापडलेल्यांपैकी काही कर्करोग कधीच जिवावर बेतले नसते, हीही शक्यता असते. अंतिम निर्णयही डॉक्टरांचाच. शिवाय कोणताही मॅमोग्राम शंभर टक्के खात्री देत नाही. अहवाल चांगला आला, तरी स्तनात नवी गाठ लागली, त्वचेला खळगा पडला किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.