चांदीच्या रुपयावरील चूक टांकसाळीची की नंतरची?

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडे घराघरांत चांदीचे जुने रुपये निघतात. अडचणीच्या वेळी मोडायला काढलेले. अस्सल चुकीचा रुपया चांदीच्या भावात जातो, आणि ठोकून बिघडवलेला रुपया ‘टांकसाळीची चूक’ म्हणून चौपट दामाला गळ्यात मारला जातो.

आम्ही कापडवाले. ताग्यात विणताना राहिलेला दोष वेगळा आणि दुकानात कात्री लागली ती वेगळी, हे आम्हाला रोज पाहावे लागते. नाण्याचेही तसेच. ठसा पडताना बिघडले ती चूक. हारासाठी कडी जोडल्याची खूण, घासलेला चेहरा, चेपलेला काठ ही नुसती इजा.

चकती ठशाखाली सरकली तर दोन्ही बाजूंना कोरेसारखी रिकामी जागा राहते व समोरची अक्षरे काठाबाहेर जातात. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी व खोलगट उमटते. असा रुपया मोलाचा. म्हणूनच लबाड लोक दोन अर्धे कापून जोडतात. काठावर भिंग लावून सांधा शोधावा. वजनही करावे: इंग्रजी रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम.

भोसल्यांच्या काळातील फारसी अक्षरांच्या रुपयावर बादशहाचे नाव अर्धवट दिसते, ती चूक नव्हे. ठसा चकतीपेक्षा मोठा आणि घाव हातोड्याचा, मग सगळी अक्षरे मावणार कशी? उर्दू शिकलेल्या माणसाला उरलेली अक्षरे लावता येतात.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाबद्दल तर फारच गैरसमज आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि हिंदू-मुसलमान दोघेही नाराज झाले. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखच चलनात गेले, १९१२ मध्ये सोंड नीट केली. पण ही नक्षीची चूक. त्या सालच्या प्रत्येक रुपयावर ती आहे. ‘डुकराचा आहे, एकच निघाला’ असे कोणी म्हणाले तर पैसे खिशातच ठेवावेत.

विकणाऱ्या भगिनींनी रुपया चिंच लावून घासू नये. चकाकी येते, पण जाणकार गिऱ्हाईक तिथेच दर पाडते.