डोरा सात वर्षांचीच, आवाज मात्र वाढतात

डोरा आपल्याकडे आली ती दप्तरांवरून, डब्यांवरून आणि वाढदिवसाच्या केकवरून. कानापर्यंत कापलेले केस, गुलाबी टीशर्ट, सोबत लाल बूट घातलेलं माकड. चेहरा पोरासोरांना पाठ. पण तिच्या तोंडून बोलतं कोण, असं विचारलं तर भलेभले गप्प बसतील.

१४ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर ‘डोरा द एक्सप्लोरर’ सुरू झाली. आधी नायक म्हणून एक ससा ठरत होता. पण अमेरिकी टीव्हीवर लॅटिनो माणसं किती कमी दिसतात, ही चर्चा वाहिनीच्या एका अधिकारी बाईंनी एका परिषदेत ऐकली आणि सशाच्या जागी दोन भाषा बोलणारी मुलगी आली. ती मेक्सिकोची, पेरूची की क्युबाची, हे मुद्दामच सांगितलं नाही, म्हणजे कुठल्याही घरातल्या मुलीला ती आपलीच वाटावी.

पहिला आवाज कॅथलीन हर्लेसचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली, पेरूहून आलेल्या आईवडिलांची मुलगी. काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. डोरा इंग्रजीत बोलता बोलता स्पॅनिश शब्द टाकते, आणि तिथे जीभ अडखळली की सोंग उघडं पडतं. त्याहून अवघड ती तिची थांबण्याची खोड. पूल कुठे आहे, असं ती विचारते आणि डोळे मिचकावत गप्प उभी राहते. घरोघरची पोरं टीव्हीकडे बोट दाखवून ओरडतात, मग ती खूश होते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते ओरडणं कुठून ऐकू येणार? जे उत्तर आलेलंच नाही, त्यावर मनापासून खूश व्हायचं, तेही शाळकरी वयात! थोर नटांनाही हे सहज जमेल असं मला वाटत नाही.

डोरा सात वर्षांची, आणि सातच वर्षांची राहणार. हर्लेस वाढली, आवाज वाढला, आणि दशक सरता सरता तिची जागा दुसरीने घेतली. (२०२४च्या नव्या मालिकेत हर्लेस परतली, पण डोराची आई होऊन.) या दुसरीने, केटलिन सांचेझने, २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, वाहिनीवर दावा लावला: करार अन्यायाचा, कामाचे पुरते पैसे मिळाले नाहीत. वाहिनीने आरोप फेटाळले. बालकलाकारांच्या पैशाचं दुखणं तिकडे जुनंच आहे. चॅप्लिनच्या ‘द किड’मधल्या जॅकी कूगनची कमाई घरच्यांनीच उडवली, तेव्हा १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याच्या नावाचा कायदा केला. आज तिथे आणि न्यूयॉर्कमध्येही मुलाच्या कमाईतला १५ टक्के भाग मुलाच्या नावे बाजूला ठेवावा लागतो. उरलेल्या ८५ टक्क्यांचं काय, हा प्रश्न राहतोच.

पुढची डोरा फातिमा प्टासेक, आई इक्वादोरची. हिचा चेहराही जगाने पाहिला, तो ‘कर्फ्यू’ या १९ मिनिटांच्या लघुपटात. आयुष्याला विटलेल्या मामाला बहिणीचा फोन येतो: आज रात्री भाचीला सांभाळ. भाची सोफिया फटकळ, मामाकडे संशयाने बघणारी. बोलिंगच्या हॉलमध्ये एक गाणं लागतं, ही नाचायला उठते आणि आजूबाजूची सगळी माणसं तिच्या ठेक्यावर हलू लागतात. मामा बघतच राहतो. २०१३ मध्ये या लघुपटाला ऑस्कर मिळालं. कधीच न रुसणारी डोरा आणि सदा कपाळाला आठी असलेली सोफिया एकाच मुलीने केल्या, आणि त्याही त्याच सुमारास. त्याच दिग्दर्शकाने २०१४ मध्ये या गोष्टीचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, ‘बिफोर आय डिसअपियर’. सोफिया पुन्हा तीच.

त्याच वर्षी वाहिनीने डोराचं वय वाढवून पाहिलं: ‘डोरा अँड फ्रेंड्स’मध्ये ती दहा वर्षांची झाली, आवाज प्टासेकचाच. २०१९च्या चित्रपटात तर ती हायस्कूलमध्ये पोचली आणि भूमिका इझाबेला मोनेरकडे गेली. दप्तरं, डबे, बाहुल्या घेणाऱ्या पोरांचं वय मात्र तेच होतं. २०२४ मध्ये डोरा परत लहान झाली. या खेपेला आवाज डायना झर्मेन्योचा.