खिशांतील संगीत आणि कानांतील फट

सन १९७९ च्या जुलैंत जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला आणि संगीत खिशांतून हिंडूं लागलें. पुढें फितीची जागा तबकडीनें व तबकडीची जागा स्मृतीच्या इवल्या तुकड्यानें घेतली. तरी ऐकणाऱ्याची एक तक्रार टिकून राहिली. तबला ऐकूं येतो. डग्ग्याचा घुमारा कोठें जातो?

दोष बहुधा यंत्राच्या माथीं मारला जातो. वास्तविक पुष्कळदां तो कानाच्या तोंडाशींच असतो. कानांत बसणाऱ्या इअरफोनचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. मोठ्या ध्वनिक्षेपकाप्रमाणें त्यास खोलीभर हवा हलवितां येत नाहीं; कानाच्या नळींत कोंडलेली चिमूटभर हवा तेवढी तो दाबतो. त्याची रबरी टोपी सैल बसली कीं हा दाब फटींतून निसटतो. खर्जाचीं कंपनें संथ, म्हणून त्यांतील दाबास निसटण्याइतका अवधि मिळतो. तार स्वरांत तो मिळत नाहीं. झांजा खणखणतात, डग्गा मुका होतो. डबींत लहानमोठ्या टोप्या घातलेल्या असतात त्या उगीच नव्हेत. महागडें यंत्र घेण्यापूर्वीं त्या बदलून पाहाव्या.

फटींतून बाहेरचा गोंगाटही आंत शिरतो, आणि मनुष्य आवाज वाढवितो. येथें प्रश्न गोडीचा न राहतां कानाचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें प्रौढानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. ९० डेसिबलला ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. आगगाडीच्या खडखडाटांत हें अंतर केव्हां ओलांडलें तें ऐकणाऱ्यास कळतही नाहीं. अंतर्कर्णांतील केशपेशी एकदां मेल्या कीं मनुष्याच्या कानांत पुनः उगवत नाहींत.