आतड्यातील मित्रजंतू : विरजण आणि अतिसार

मुलाला जुलाब होऊ लागले की घरातील वडीलधारी माणसे ताकभात द्यावयास सांगतात. या जुन्या रीतीमागे शास्त्र कितपत आहे, याचा शोध शंभरावर वर्षे चालू आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मत मांडले की, आंबलेल्या दुधातील जीवाणू आतड्यातील अपायकारक जंतूंना आळा घालतात. जे जिवंत जीवाणू पुरेशा प्रमाणात पोटात गेले असता प्रकृतीस हितकर ठरतात, त्यांना आज 'प्रोबायोटिक' म्हणतात. पीक दाट उगवले म्हणजे तणाला जागा उरत नाही. तसेच काहीसे येथे घडते. शिवाय हे जीवाणू आम्ल निर्माण करतात व ते अनेक रोगजंतूंना मानवत नाही.

परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. कोलकात्याच्या दाट वस्तीतील १ ते ५ वर्षांच्या सुमारे ३,७०० बालकांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काहींना १२ आठवडे रोज असे जीवाणू असलेले पेय दिले, तर इतरांना तसेच दिसणारे पण जीवाणूरहित पेय दिले. पहिल्या गटात अतिसाराचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. लाभ खरा, पण माफक होता.

मात्र अतिसार सुरू झाल्यावर हे जीवाणू दिल्यास काय होते? अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या प्रयोगांत २०१८ साली असे दिसून आले की, तेथे तपासलेल्या जीवाणूंनी मुलांचा आजार लवकर बरा झाला नाही. अन्नाच्या वावड्याविषयीही हाच धडा मिळाला. ऑस्ट्रेलियात शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली शेंगदाण्याची मात्रा क्रमाक्रमाने वाढवून दिली, तेव्हा अनेकांना तो सोसू लागला. परंतु सोबत जीवाणू दिल्याने त्यात भर पडली नाही, असे २०२२ साली आढळले.

यावरून ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघरी पुढील गोष्टी सांगाव्यात. दही-ताक हा उत्तम आहार आहे. ते अवश्य खावे. कढी उकळली की त्यातील जीवाणू मरतात, हेही ध्यानात असावे. मात्र जुलाबात जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून प्रथम जलसंजीवनी द्यावी. तिची पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. आरोग्य कार्यकर्तीच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

विरजण घरात असावे. पण जलसंजीवनीची पुडी त्याआधी असावी.