शेपटी परत न येणारी पाल



"पालीची शेपटी तुटली तर काय होतं?" असं वर्गात विचारा. मुलं एका सुरात सांगतील, "परत येते!" आपल्या भिंतीवरच्या पालीबद्दल हे उत्तर बरोबर आहे. पण सगळ्याच पालींना हे जमत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातला बेटांचा समूह आहे. तिथल्या जंगलात झाडाझुडपांवर 'क्रेस्टेड गेको' नावाची पाल राहते. तिच्या डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी मऊ झालर असते. गंमत म्हणजे उघडझाप करणाऱ्या पापण्या तिला नसतातच! डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेने चाटून साफ करते. दिवसा झोपते आणि रात्री किडे, पिकलेली फळं, फुलांतला मध खाते. बोटांखालच्या अतिसूक्ष्म केसांमुळे ती गुळगुळीत पानालाही चिकटून राहते.

शत्रूने पकडलं, की ही पालसुद्धा शेपटी टाकून पळते. तुटलेली शेपटी वळवळत राहते, शत्रू तिकडे बघत बसतो आणि पाल निसटते. पण तिला नवी शेपटी कधीच येत नाही. तरी तिचं फारसं अडत नाही. जंगलातल्या कितीतरी मोठ्या पाली बिनशेपटीच्याच असतात.

या पालीचं शास्त्रीय वर्णन १८६६ मध्ये गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केलं. पुढे ती नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली! आज अमेरिका-युरोपात कितीतरी घरांत काचेच्या पेटीत ती पाळली जाते.

मग धोका टळला का? नाही. माणसाबरोबर बेटावर आलेले उंदीर, मांजरं आणि डंख मारणारी एक छोटी परदेशी मुंगी तिच्या जिवावर उठली आहेत. जंगलही कमी होतंय. पेटीतल्या पाली वाढल्या म्हणून जंगलातली पाल वाचत नाही. हा फरक मुलांना नक्की समजावून सांगा.

आणि एक छोटा उपक्रम द्या. आज रात्री दिव्याजवळची पाल लांबूनच, न हुसकता, पाच मिनिटं बघायची. ती डोळे मिटते का? शेपटीचा रंग मध्येच बदललेला दिसतो का? तसा दिसला, तर ती शेपटी बहुधा नव्याने आलेली आहे. बघितलेलं वहीत लिहायला सांगा. पालीची भीती थोडी कमी होईल आणि "सगळ्याच पाली अशा असतात" हे वाक्य मुलं जरा जपून वापरतील.