‘वेस्टवर्ल्ड’: यंत्रांना लागलेली साथ

यंत्र माणसावर उलटतं, ही कल्पना १९७३ सालीही शिळीच होती. तरी त्या वर्षीचा ‘वेस्टवर्ल्ड’ आजही पाहवतो, कारण त्यातले यंत्रमानव दुष्ट नाहीत, बिघडलेले आहेत. लेखक-दिग्दर्शक मायकेल क्रायटन हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेला, आणि ते जाणवतं.

डेलोस या करमणूकनगरीत दिवसाला १,००० डॉलर मोजून पाहुणे रोमन, मध्ययुगीन किंवा काउबॉयच्या जगात राहतात. त्यांनी ‘मारलेले’ यंत्रमानव रातोरात दुरुस्त होऊन पुन्हा कामावर हजर! माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखायचं तर हात पाहायचे. तेवढे कारागिरांना जमलेले नाहीत. बंदुकांत उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. समोर गरम शरीर असेल, तर गोळी सुटत नाही.

मग बिघाड वाढू लागतात. आधी रोमन आणि मध्ययुगीन विभागात, नंतर काउबॉयच्या गावात. प्रमुख शास्त्रज्ञ बैठकीत म्हणतो, हे साथीच्या रोगासारखं पसरतंय. यंत्राला कसला आलाय रोग, असं म्हणून बाकीचे ते उडवून लावतात. फ्रेड कोहेन यांचं संगणक-व्हायरसवरचं संशोधन यानंतर दहाएक वर्षांनी आलं. त्याच बैठकीत आणखी एक कबुली आहे: यातली काही यंत्रं संगणकांनीच रचलीत, ती नेमकी कशी चालतात ते आम्हालाही ठाऊक नाही. मला हा प्रसंग सगळ्या गोळीबारापेक्षा भीतिदायक वाटतो.

यंत्रमानवांना आवरायला वीज तोडली, तर ते साठवलेल्या विजेवर चालतच राहतात. नियंत्रण कक्षाचे दरवाजे मात्र उघडत नाहीत आणि आतले तंत्रज्ञ गुदमरून मरतात. वीज गेली की दार उघडंच राहिलं पाहिजे, हा साधा नियम इतक्या हुशार मंडळींना सुचू नये!

यूल ब्रिनरने रंगवलेल्या बंदूकबाज यंत्रमानवाला जग कसं दिसतं, ते दाखवायला जॉन व्हिटनी ज्युनिअर यांनी चित्रफितीची एकेक चौकट स्कॅन करून संगणकाकरवी रंगीत चौकोनांत मोडली. पूर्ण लांबीच्या चित्रपटात संगणकाने प्रतिमेवर केलेली अशी प्रक्रिया ही पहिलीच, आणि तीही जेमतेम अडीच मिनिटं.

तोंडावर आम्ल पडून या बंदूकबाजाची दृष्टी बिघडते, तेव्हा तो शरीराच्या उष्णतेवरून शिकार हुडकतो. बंदुकीपुढे ज्या उबेने पाहुणा वाचायचा, तिनेच आता सापडतो. मग जीव वाचवायला पाहुणा पेटत्या मशालीला खेटून उभा राहतो, आणि तिच्या धगीत त्याची ऊब वेगळी दिसेनाशी होते.