डबीतला कोळी

आरे कॉलनीत पावसाळ्यात मॅक्रो लेन्स लावून बसलं की तांदळाच्या दाण्याएवढा एखादा कोळी पानावर येतो. आपण श्वास रोखून फोकस लावतो आणि तो टुणकन उडी मारून पाचोळ्यात गडप होतो. फोटो मिळाला तरी जात कळेलच असं नाही. पुष्कळदा ते पिल्लू असतं.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांची जात पक्की होते ती प्रौढांच्या जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडालगतच्या दोन आखूड अवयवांची टोकं शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडतात. तोवर अंगावरचे पट्टे, रंग यांवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून अभ्यासक पिल्लू डबीत वाढवतात. झाकणाला बारीक भोकं, ओल्या कापसाचा बोळा, खायला पिकल्या केळ्यावरची चिलटं. कात टाकायची वेळ जवळ आली की ते खाणं सोडतं, कोपऱ्यात रेशमी पिशवी विणून आत बसतं. तेव्हा डबीला धक्काही लागू द्यायचा नाही.

या कैदेत डोळ्यांचे फोटो निवांत काढता येतात. पुढचे दोन मोठे डोळे एका फोटोत काळेभोर, तर पुढच्याच फोटोत मधाच्या रंगाचे दिसतात. बाहेरचं भिंग जागचं हलत नाही. आतली नळी, टोकाच्या दृष्टिपटलासकट, फिरते. डोळा काळा दिसला की समजावं, तो थेट आपल्याकडे पाहतोय!

म्हशींसाठी 1949 मध्ये वसवलेल्या आरे कॉलनीतूनच ‘जेर्झेगो सुनीललिमये’ हा उड्या मारणारा कोळी विज्ञानाला कळला. राजेश सानप, अनुराधा जोगळेकर आणि जॉन कॅलेब यांनी त्याला वनाधिकारी सुनील लिमये यांचं नाव दिलं. त्याच्या उपकुळातले बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत आणि लेमूरांच्या मादागास्करात राहतात. गोरेगावच्या पाचोळ्यात त्यांचा नातलग निघावा, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याआधी, 2010 मध्ये, झीशान मिर्झा आणि सानप यांनी इथल्या एका विंचवाचं ‘लायकस आरेएन्सिस’ असं बारसं केलं होतं. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं पडली, तेव्हा त्यांच्या सालींखाली काय काय असेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

विंचू शोधायचे ते रात्री, अतिनील टॉर्च घेऊन. खोडावर हिरवट-निळा ठिपका चमकतो, तो विंचू. मात्र नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होईपर्यंत तो टॉर्चच्या झोतातही अंधारातच असतो.